आईला ठाऊक असलेलं फाटक

माझे वडील तीस वर्षं दर रविवारी गाडी घेऊन एकाच ठिकाणी जात होते, आणि ते ठिकाण कुठे आहे हे त्यांना माहीत नव्हतं. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण पुढे जे घडलं त्यातल्या मूर्खपणाचा कोणाच्या वाट्याला किती भाग जातो, याबद्दल आमच्या गावात अजून एकमत झालेलं नाही.

खुलासा तसा सोपा आहे. बाबा गाडी चालवायचे आणि आई रस्ता सांगायची. "डावीकडे, लेन," असं आई बाबांना नावाने हाक मारून म्हणाली की बाबा डावीकडे वळायचे. का, असं त्यांनी कधी विचारलं नाही. आईच्या मांडीवर नकाशांचं पुस्तक असायचं, पण ते उघडलेलं मी कधी पाहिलं नाही. बहुधा पाय गरम राहावेत म्हणून असेल. मी मागच्या सीटवर असायचे, पण माझी साक्ष कुचकामी आहे. इंग्लंडमधल्या श्रॉपशर जिल्ह्याच्या त्या वळणांवर मला मळमळायचं, म्हणून मी आडवी पडून छताकडे बघत राहायचे. आमच्या ऑस्टिनच्या छतावर कुठे कुठे डाग आहेत ते मी आजही डोळे मिटून सांगेन. बाहेर काय होतं ते विचारू नका.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत आई गेली. त्यानंतरचे रविवार आम्ही घरात बसून काढले. बाबा लोखंडी शिडीला रंग लावायचे. आधीच्या रविवारी लावलेल्या रंगावर.

यंदा मे महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, की दृष्टिपटलाचा मधला भाग झिजत चाललाय. कडेचं दिसत राहील, मधलं जाईल. गाडी आजपासून बंद. लांबचे डोंगर वगैरे म्हणाल तर या पानगळीपर्यंत, फार तर. बाबांनी लायसन्स लिफाफ्यात घातलं, तिकीट चिकटवलं, टपालपेटीपर्यंत स्वतः चालत गेले आणि परत येऊन टोस्टला लोणी लावता लावता म्हणाले, "ती फाटकाजवळची जागा एकदा बघायला हरकत नव्हती. म्हणजे, जमलं तर. नाही जमलं तरी काही बिघडत नाही."

आमच्या घरात याचा अर्थ, माणूस छाती पिटून रडतोय, असा होतो.

मी भूगर्भशास्त्राची पदवीधर आहे. मातीच्या नमुन्यांची तपासणी करणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरी करते. पृथ्वीवरची एखादी वस्तू हरवली असेल तर ती शोधून काढता येते, अशी माझी श्रद्धा आहे. मी वही उघडली आणि बाबांना पद्धतशीर प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"तिथे काय काय होतं?"

"फाटक होतं."

"कसलं?"

"शेताचं असतं तसं." बाबांनी विचार केला. "लाकडी. आणि पलीकडे डोंगरांच्या रांगा. एकामागे एक सात."

"आणि तुम्ही तिथे काय करायचात?"

"बसायचो," बाबा म्हणाले. "गाडीत."

हे खरं होतं. थर्मासमधला चहा, अंड्याचं सँडविच, धुरकटलेली काच पुसायला एक फडकं. पाऊण तास समोर बघायचं, "सुरेख," असं आळीपाळीने म्हणायचं आणि घरी यायचं. खाली कोणी उतरत नसे. उतरायचं कशाला, वारा असतो.

बातमी गावात पसरायला एक दिवस लागला. शेजारच्या बेडोजबाई लिंबाचा केक घेऊन आल्या. त्या केक घेऊन आल्या की आपल्या घरात काहीतरी वाईट घडलंय असं समजायचं, आणि नसेल घडलं तर केक संपेपर्यंत घडतं.

"तीस वर्षं गेलात आणि पत्ता ठाऊक नाही म्हणता?" बेडोजबाई बाबांना म्हणाल्या. "आमचे हे कोपऱ्यावर पेपर आणायला गेले तरी परत येऊन सगळा रस्ता वर्णन करून सांगायचे. मीच म्हणायचे, पुरे करा."

"मॉरीन सांगायची," बाबांनी आईचं नाव घेतलं.

"मॉरीनने मला नसतं का सांगितलं? आम्ही सगळं बोलायचो." बाईंनी केक कापला. "ती जागा वेनलॉकच्या कड्यावरच आहे. टॅम्सिन, माझं ऐक, बाकी कुठे जाऊच नकोस. तिथे स्वच्छतागृहही आहे."

तेवढ्यात समोरचे गफसाहेब आले. गफसाहेबांनी चाळीस वर्षं जिल्ह्याच्या रस्ते खात्यात काढली आहेत आणि निवृत्तीनंतरही ते मनाने खात्यातच आहेत. जगातला प्रत्येक रस्ता त्यांना त्याच्याखालच्या गटारावरून ओळखता येतो.

"वेनलॉकवरून सात रांगा कुठून दिसणार?" ते म्हणाले. "देखावा-बिखावा मला विचारू नका, पण त्या कड्यावर पाणी कुठे जातं ते मला माहीत आहे. फाटकं म्हणाल तर या जिल्ह्यात निदान नऊ हजार असतील."

"मग काय करावं?" मी विचारलं.

"घरी बसावं," गफसाहेब म्हणाले, आणि त्यांनी केकचा दुसरा तुकडा घेतला.

पुढच्या चार दिवसांत आमच्याकडे अकरा जण सल्ला द्यायला आले. त्यांनी चौदा जागा सुचवल्या. त्यांतल्या तीन वेल्समध्ये होत्या. एका गृहस्थांनी तर समुद्र दिसणारी जागा सुचवली, ती त्यांना स्वतःला आवडते म्हणून.

शेवटी मला उपयोगी पडला तो एक फोटो. बाबांनी आपल्या सीटवरून, समोरच्या काचेतून काढलेला. खाली वायपर, मग फाटकाची वरची फळी, आणि वर डोंगरांची रेघ. डावीकडचे दातेरी खडक स्टायपरस्टोन्सचे, ते कोणीही ओळखेल. उजवीकडचा उंचवटा कॅराडॉक. तिसरा डोंगर ओळखता आला असता तर जागा एका बिंदूवर सापडली असती, पण तिसऱ्या डोंगरावर ढग होता. तो तिथे कायम असतो. असो. दोन डोंगरांमधला कोन माहीत असला की आपण एका वर्तुळाच्या कंसावर कुठेतरी उभे असतो, हे भूमितीत सिद्ध झालेलं आहे. मी नकाशावर कंस काढला. तो अरुंद रस्त्यांना पाच ठिकाणी छेदत होता. नऊ हजार फाटकांची पाच झाली. मी हे गफसाहेबांना दाखवलं तेव्हा ते बराच वेळ नकाशा बघत राहिले आणि म्हणाले, "यातल्या दोन ठिकाणी पाणी तुंबतं."

जून महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी आम्ही निघालो. मी उजवीकडे, स्टिअरिंगवर. बाबा डावीकडे, जन्मात पहिल्यांदा. ते बसले, त्यांनी पट्टा लावला आणि हात कुठे ठेवायचे ते त्यांना कळेना. शेवटी ते गुडघ्यांवर ठेवले.

पहिल्या दोन मैलांतच एक गोष्ट ध्यानात आली. बाबांना रस्ता माहीत नव्हता, पण त्यांच्या पायांना माहीत होता. चढ आला की त्यांचा डावा पाय पायपुसण्यावर दाबला जायचा आणि हात हवेत गिअर शोधायचा.

"शेवटच्या चढावर मी दुसरा टाकायचो," ते म्हणाले. "मग लगेच तिसरा. मग उजवीकडे बरंच मोठं वळण, आणि ती म्हणायची, हळू."

म्हणजे माझ्याकडे आता दोन स्वतंत्र पुरावे होते: एक कंस आणि एक क्लच. मला फार बरं वाटलं. शास्त्रात याहून कमी पुराव्यांवर लोकांनी नाव कमावलंय.

पहिल्या फाटकापलीकडे डुकरांची शेड होती. दुसऱ्या फाटकाच्या चढावर बाबांचा पाय हललासुद्धा नाही. "इथे मी कधी आलेलो नाही," ते साक्षीदारासारखे म्हणाले. तिसऱ्याकडे जाणारा रस्ता एका गाडीच्या रुंदीचा होता, आणि त्यावर समोरून एक लाल गाडी आली. तिच्यात एक आजीबाई होत्या.

अशा वेळी ज्याच्या मागे रुंद जागा जवळ असेल त्याने मागे जायचं असतं. मी मागे जायला लागले. तेवढ्यात आजीबाईही मागे जायला लागल्या. आम्ही दोघी वळणाआड नाहीशा झालो. थोडं थांबून मी पुढे आले; त्याही आल्या. त्यांनी हसून हात हलवला, मीही हलवला, आणि आम्ही दोघी पुन्हा मागे गेलो.

"तिसऱ्यांदा तू पुढे जा," बाबा म्हणाले.

"बरं दिसणार नाही."

"ते खरंय," बाबा म्हणाले.

चौथ्यांदा मी निर्धाराने इतकी मागे गेले की गाडी एका शेताच्या तोंडाशी पोचली. आजीबाई पुढून निघून गेल्या. जाताना त्यांनी स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं. मी बोट उचललं. मग काचेवर टकटक झाली. पिवळं चकाकतं जाकीट घातलेला एक माणूस होता.

"वा, सत्याऐंशी सालची का?" तो म्हणाला. "तिसरी रांग. त्या ट्रॅक्टरच्या शेजारी. सावकाश."

आता इथे कोणीही समंजस माणूस म्हणाला असता, की तुमचा काहीतरी गैरसमज होतोय. पण पिवळ्या जाकिटातल्या माणसाने हात दाखवला की आमच्याकडे लोक तिकडे वळतात. ते आमच्या रक्तात आहे. मी तिसऱ्या रांगेत, ट्रॅक्टरच्या शेजारी, सावकाश गाडी लावली. तो जुन्या गाड्यांचा मेळावा होता.

"चार वाजेपर्यंत गाडी हलवायची नाही," पिवळं जाकीट म्हणालं. "लहान मुलं फिरतात. सुरक्षिततेचा प्रश्न आहे."

अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

"बाबा, मी त्यांना सांगते," मी म्हणाले.

"आता सांगितलं तर त्याला ओशाळं वाटेल," बाबा म्हणाले. "एवढं छान वळवून घेतलंय त्याने."

तर आम्ही बसलो. आजूबाजूला लखलखीत गाड्या, घडीच्या खुर्च्यांवर त्यांचे मालक, आणि मध्ये आमची चिखलाने माखलेली बेज ऑस्टिन. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पण लोक थांबायला लागले. एक टक्कल पडलेले गृहस्थ भक्तिभावाने वाकून चाकाची कड बघू लागले.

"अशी आता एकही उरली नसेल," ते म्हणाले.

"उरू नये अशीच सगळ्यांची इच्छा होती," बाबा म्हणाले.

"हीटर चालतो?"

"थंडी संपली की चालतो."

गृहस्थ खूश झाले. त्यांनी आणखी तिघांना बोलावून आणलं. बाबा त्यांना क्लचबद्दल सांगत होते, आणि मी पश्चिमेकडे ढग किती चढले ते दर अर्ध्या तासाने बघत होते. क्षितिजापासून आठ अंश. मग अकरा. मग पंधरा. सँडविचं संपली. तीन वाजता टोपीवाल्या एक परीक्षकबाई आल्या आणि त्यांनी आमच्या आरशाला फीत बांधली: मूळ स्थितीत राखलेली गाडी, तिसरा क्रमांक. ज्या गाड्या कोणी कधी धुतल्याच नाहीत त्यांच्यासाठी ते बक्षीस होतं, आणि स्पर्धेत तीनच गाड्या होत्या.

"अभिनंदन," बाई म्हणाल्या. "घरी कुठून जाणार?"

तिसऱ्या फाटकाच्या रस्त्यावरही बाबांचा पाय हलला नव्हता, म्हणून मी त्यांना नकाशावरचं चौथं आणि पाचवं फाटक दाखवलं.

"हे चौथं आमचंच," बाई म्हणाल्या. "त्यासमोर आता धान्याचं कोठार बांधलंय. काही दिसत नाही. आणि हा वरचा रस्ता मार्चपासून बंद आहे."

बाबांनी आरशावरची फीत सरळ केली.

चार वाजून दोन मिनिटांनी आम्ही बाहेर पडलो आणि वरच्या रस्त्याला लागलो. चढ आला. बाबांचा पाय दाबला गेला, हात हवेत गेला. "दुसरा," ते हळूच म्हणाले. "लगेच तिसरा. आता उजवीकडे मोठं वळण." उजवीकडे मोठं वळण होतं. त्या वळणानंतर लाल पाटी होती: रस्ता बंद. तिच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकचे दोन शंकू. पाटीपलीकडे रस्त्याच्या मधोमध वीतभर गवत वाढलं होतं. मार्चपासून इथून एकही चाक गेलेलं नव्हतं. पाटी होती ना.

मी गफसाहेबांना फोन लावला.

"त्या रस्त्याखालची मोरी?" ते म्हणाले. "ती एप्रिलमध्येच बांधून झाली. पक्की आहे, मी बघून आलोय."

"मग पाटी?"

"पाटी काढणं हे पाट्यांच्या विभागाकडे. मोरीवाल्यांनी काम संपल्याचं कळवायचं, मग त्यांनी पाहणी करायची, मग काढायची. मोरीवाल्यांनी कळवलं असेल तर पाहणी व्हायची असेल."

"गफसाहेब, आम्ही जाऊ का?"

"मी निवृत्त आहे," ते म्हणाले. "त्यामुळे मला हा फोन आलेलाच नाही." आणि त्यांनी फोन ठेवला.

मी इंजिन बंद केलं. ढग पंचवीस अंशांवर आले होते.

"मोरी झालीये, बाबा."

"पाटी आहे, टॅम."

"पण मोरी झालीये."

"पाटी आहे ना पण."

अशी वीस मिनिटं गेली. मी हसण्यावारी नेतेय, पण तेव्हा मला हसू येत नव्हतं. माझे वडील शाळेत सुतारकाम शिकवायचे. हिरवळीवर चालू नये असं लिहिलेलं असेल तर ते हिरवळीकडे बघतसुद्धा नसत. आणि मला माहीत होतं की आज परत फिरलो तर ते पुन्हा कधीही या जागेचं नाव काढणार नाहीत. पाहणी होईल, पाटी निघेल, रस्ता उघडेल, आणि तोवर पानगळ झालेली असेल.

मी खाली उतरले. डावीकडचा शंकू उचलला. तो मला वाटला होता त्यापेक्षा हलका होता.

काच खाली करून बाबा म्हणाले, "आपण गेल्यावर परत होता तिथेच ठेव."

मी गाडी आत घेतली, उतरले, शंकू परत ठेवला. "जरा डावीकडे होता," बाबा आरशातून बघत म्हणाले. मी तो जरा डावीकडे सरकवला.

पाव मैलावर बाबांचे दोन्ही पाय एकदम दाबले गेले.

तिथे फाटक होतं. मी फाटकाच्या डाव्या अंगाला, झुडपांच्या कुंपणाला नाक लावून गाडी उभी केली. फाटक अडवायचं नसतं. कधीही शेतकऱ्याचा ट्रॅक्टर येऊ शकतो. हे आम्हाला चालायला शिकवायच्या आधी शिकवतात. मी इंजिन बंद केलं आणि उजवीकडे तिरकं, फाटकावरून पलीकडे पाहिलं.

सात होत्या. मी मोजल्या. पहिली हिरवी, दुसरी गडद हिरवी, मग निळ्याच्या एकामागून एक फिकट होत गेलेल्या पाच छटा, आणि सगळ्यात मागे ते दातेरी खडक. त्या सगळ्या गाडीप्रवासांत छताकडे बघून मी काय घालवलं होतं ते मला तेव्हा कळलं. मी थर्मास उघडला, चहा ओतला आणि बाबा काही बोलतील म्हणून थांबले.

बाबा पुढे झुकले. मग मागे झाले. मग माझ्या खांद्यावरून मान लांब करून बघायला लागले.

"दिसत नाहीये का?" मी घाबरून विचारलं. "डोळे?"

"डोळे ठीक आहेत," बाबा म्हणाले. "मला कुंपण दिसतंय." थोड्या वेळाने ते म्हणाले, "आणि तुझं डोकं."

मी त्यांच्या बाजूला वाकून पाहिलं. बरोबर होतं. समोर काचेला टेकलेली काटेरी झुडपं. उजवीकडे, जिथून डोंगर दिसायला हवेत तिथे, गाडी चालवणाऱ्याचं डोकं.

चहावर वाफ येत होती. कोणीच कप उचलला नाही.

"मी नेहमी इथेच लावायचो," बाबा म्हणाले. "फाटक अडू नये म्हणून. मी म्हणायचो, मॉरीन, दिसतंय ना नीट? आणि ती म्हणायची, सुरेख."

"हो."

"तीस वर्षं, टॅम."

मला काहीतरी बोलायचं होतं. आईला कदाचित झुडपं आवडत असतील, असं काहीतरी. पण पुरावा नव्हता.

"आणि रस्ता तर तीच सांगायची," बाबा म्हणाले. "मला कुठे माहीत होता. दर रविवारी मी विचारायचो, आज कुठे, आणि तीच सांगायची, डावीकडे."

मी दार उघडलं आणि त्यांना हात धरून गाडीला वळसा घालून आणलं. ते आपल्या जुन्या जागी बसले, हात स्टिअरिंगवर ठेवले, मान जरा तिरकी करून, डोळ्यांच्या कडेने, डावीकडून उजवीकडे सगळी रेघ बघून घेतली. त्याला बराच वेळ लागला. ढग स्टायपरस्टोन्सच्या पहिल्या दाताला टेकला होता.

"आहेत," ते म्हणाले. "सगळ्या आहेत."

मग ते उतरले.

"बसा ना अजून," मी म्हणाले. "घाई नाहीये."

"नको. बघून झालं." ते गाडीला हात लावत लावत परत डावीकडे गेले, आईच्या जागेवर बसले आणि त्यांनी दार लावून घेतलं. "तू बस तिथे. माझा कप दे."

मी बसले. कप दिला.

"आता समोर बघ," बाबा म्हणाले. "डोंगरांकडे. माझ्याकडे नको."

मी डोंगरांकडे बघत राहिले. मागून एकेक रांग ढगात जात होती. सातच्या सहा झाल्या, सहाच्या पाच. शेजारी चहाचा घोट घेतल्याचा आवाज येत होता. बाबा कुंपणाकडे बघत होते की आणखी कशाकडे, ते मान वळवल्याशिवाय कळायला मार्ग नव्हता, आणि मान वळवायची नाही असं मला सांगितलेलं होतं.